नाव पुकारायचं नाही

दोन हजार बावीस साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा होतो, तेव्हा साळवे मॅडम माझ्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "तात्या, भोंगे पाहिजेत. पण तुमचा आवाज नको."

आधी हे लिहायचं कारण सांगतो. वसतिगृहाची स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात मॅडमवर लेख पाहिजे. मंडळाचे अध्यक्ष गुरुजी माझ्याकडं आले आणि म्हणाले, तात्या, तुम्ही सांगत जा, मी नीट भाषेत लिहून काढतो. मी म्हणलं, जमणार नाही. तुम्ही लिहिलं की मॅडम थोर समाजसेविका होतील, त्यांच्या हातात पणती येईल. त्या बाईनं जन्मात पणती धरली नाही, मोबाईल धरला. मी तिसरीपर्यंत शिकलोय, ऱ्हस्व-दीर्घ चुकणार. छापायचं तर असंच छापा, नाहीतर कागद परत द्या.

शिरूर कासारात माझी साउंड सर्व्हिस आहे. मिसरूड फुटायच्या आधी मी खांबावर चढून भोंगा बांधायला शिकलो. मयत सोडून तालुक्यात असा कार्यक्रम नाही जिथं माझा आवाज गेला नाही. लग्न, जयंती, उरूस, सप्ताह, प्रचार. पण माझं खरं नाव झालं ते देणगी पुकारण्यात. ती कला आहे, कुणी काही म्हणो. समजा एकानं पाचशे एक दिले. त्याचं नाव बापाच्या नावासकट, गावासकट पुकारायचं. मग मंडपात बसलेल्या त्याच्या साडूकडं बघायचं आणि म्हणायचं, "आणि त्यांचे साडू..." एवढं बोलून थांबायचं. पुढं एक शब्द काढायचा नाही. साडू घामाघूम होऊन उठतो आणि सहाशे एक बोलून मोकळा होतो.

अशा माणसाला ही बाई म्हणते आवाज नको.

मॅडम इकडच्याच. शिरूरपासून दोन-तीन गावं पलीकडच्या बौद्धवस्तीत जन्मल्या, शिकल्या आणि बीडला टेलिफोनच्या ऑफिसात लागल्या. कानाला यंत्र लावून ह्याची लाईन त्याला जोडायची, हे त्यांचं काम. पुढं माणसांनी लाईन जोडायचं बंद झालं, मशीन आलं. बरोबरच्या लोकांनी घर गाठलं. मॅडमनी मशीन शिकून घेतलं. रिटायर झाल्यावर पोरीकडं नागपूरला न जाता शिरूरला आल्या, विहाराजवळ खोली घेतली आणि वसतिगृह अंगावर घेतलं.

दिसायला बुटक्या. सुती पातळ, त्यावर पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात काळी छत्री. आमच्याकडं पाऊस पाव्हण्यासारखा येतो, एकदा मी विचारलं, छत्री कशाला बाळगता? म्हणाल्या, "ऊन तर रोजचं हाय ना." कानाला यंत्र लावून लावून मान डावीकडं कलती झाली होती, त्यामुळं त्या नेहमी कुणाचं तरी लांबचं ऐकत असल्यासारख्या वाटायच्या. कुणी लांबण लावली की म्हणायच्या, "मुद्दा?" भल्याभल्या पुढाऱ्यांची भाषणं त्या एका शब्दावर मरताना मी बघितलीत.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी वसतिगृहाचं सांगतो. दिवाळी झाली की आमचा तालुका रिकामा होतो. नवरा-बायको कोयता घेऊन ट्रकात बसतात आणि ऊसतोडीला जातात, ते उन्हाळा लागल्यावर परत येतात. पोरं मागं ठेवायची तर कुणाकडं? म्हणून पोरंही ट्रकात. शाळा तिथंच सुटते ती कायमची. विहाराच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मंडळानं अशा पोरांसाठी राहायची, जेवायची सोय केली होती. सरकारचा पैसा येतो तेव्हा येतो. पोराची भूक त्याची वाट बघत नाही. म्हणून दरवर्षी देणगीचा मेळावा व्हायचा, आणि मेळाव्यात मी पुकारायचो.

तर त्या दिवशी मी मॅडमला म्हणलं, "नावाबिगर पैसा निघत न्हाई, मॅडम. हे शिरूर हाय."

"निघतो. पण पुन्हा येत न्हाई," त्या म्हणाल्या.

मग शांतपणे सांगितलं. मागच्या साली मी ज्यांची ज्यांची नावं पुकारली होती, त्या सगळ्यांना त्यांनी फोन लावले होते. कुणी बोललेल्या आकड्यातले निम्मेच दिले होते, कुणी दिलेच नव्हते. एक जण तर म्हणाला, तात्यानं भर मंडपात इज्जत घेतली म्हणून तोंडातून आकडा निघाला, आता शेडकडचा रस्ताच सोडला. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या भोंग्यानं आकडा मिळतो, तात्या. मला माणूस पाहिजे. दरसाल येणारा."

मला राग आला. कुणालाही येईल. म्हणलं, मग आवाज नसलेला भोंगा कशाला पाहिजे? त्यांनी पिशवीतून एक डब्बा काढला. शब्बीरभाईच्या चहाच्या टपरीवर असतो तसा, मोबाईलवरनं पैसे आले की बोलणारा. म्हणाल्या, वसतिगृहाच्या खात्यावर काढलाय, माईक ह्याच्या तोंडापुढं धरायचा. म्हणजे माझं काम काय? डब्ब्याच्या तोंडापुढं माईक धरून गप उभं राहायचं. मी भाडं दुप्पट सांगितलं. त्यांनी घासाघीस न करता दिलं. त्यांचा नियमच होता तो. म्हणायच्या, फुकट राबवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बोलावता येत नाही.

पहिला मेळावा आठवला की अजून हसू येतं. स्टेजच्या बाजूला मोठी पाटी उभी केली होती, तिच्यावर त्या काळ्यापांढऱ्या चौकड्या, ज्याला आपल्याकडं स्कॅनर म्हणतात. मोबाईल समोर धरला की पैसे जातात. उद्घाटनाला एक सभापती आले होते. आपल्याकडं नवी वस्तू दिसली की हात आपोआप कुंकवाकडं जातो. ट्रॅक्टर असो, बोअर असो. सभापतींनी पाटीसमोर नारळ फोडला, हळदीकुंकवाचा मळवट बरोब्बर चौकड्यांच्या मध्यभागी भरला आणि वरून झेंडूचा हार सोडला. टाळ्या झाल्या. लोकांनी मोबाईल धरले. काही होईना. कुणी जवळ गेलं, कुणी मागं सरकलं, कुणी मोबाईल आडवा केला. डब्बा मुका. मी मनात म्हणलं, बरं झालं.

मॅडम उठल्या. हार काढून बाजूला ठेवला आणि पदरानं कुंकू पुसायला लागल्या. मागनं एक म्हातारा बोललाच, "अहो बाई, कुंकू पुसतेत व्हय?"

मॅडम वळल्यासुद्धा नाहीत. "देव पुसला न्हाई, काका. वाट मोकळी केली."

आणि तेवढ्यात डब्बा बोलला, "दहा रुपये प्राप्त झाले." थंड आवाजाची बाई आहे त्या डब्ब्यात, तिला ना हर्ष ना खेद. अख्खा मंडप हसला. माझ्या भोंग्यातनं दहा रुपये कधी गेले नव्हते. पण मग कुणीतरी म्हणलं, आरं दहा तर मी बी देतो. मग वीस आले, पन्नास आले, आणि मधेच पाच हजार आले. डब्ब्यातली बाई सगळे आकडे एकाच सुरात बोलली. पाच हजारवाला इकडंतिकडं बघत राहिला, त्याच्याकडं कुणी बघेना. आणि मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या, त्यांच्या ओटीत मोबाईल चमकताना मी स्टेजवरून बघितले. बायकांची नावं माझ्या भोंग्यातनं कधी गेली नव्हती. त्यांनी दिलेलंसुद्धा नवऱ्याच्या नावानं जायचं.

त्या दिवशी रक्कम लई मोठी झाली नाही. मी तसं मॅडमला तोंडावर म्हणलं. त्या म्हणाल्या, "आज कुठं संपलं, तात्या? आजपास्नं सुरू झालं."

सुरू झालं म्हणजे काय ते मला पुढं कळलं. पूर्वी देणगीदाराला मंडळाची छापील पावती जायची, वर चार पुढाऱ्यांचे फोटो. मॅडमनी प्रत्येकाला मोबाईलवर एका पोराचा आवाज पाठवायला सुरुवात केली. नाव सांगायचं नाही, आभार मानायचे नाहीत, बिचारं तोंड करायचं नाही. आजची बातमी सांगायची, बस. एका पोरीनं सांगितलं, "आज मटकीची उसळ होती. खारट झाल्ती. मावशी म्हणत्यात न्हाई झाली, पण झाल्ती." ते ऐकून पुण्याचा एक साहेब फोनवर हसत सुटला आणि दर महिन्याला पैसे पाठवायला लागला. वर प्रत्येक वेळी विचारायचा, उसळ कशी आहे? गुरुजी म्हणाले, मॅडम, निदान धन्यवाद तरी म्हणू द्या पोरांना, संस्कार असतात. मॅडम म्हणाल्या, "जेवलेलं पोरगं आपल्या घरी धन्यवाद म्हणतंय का कधी?"

शालींचं तर कुणाला खरं वाटत नाही. त्यांनी स्वतः सत्काराची शाल कधी घेतली नाही. उलट थंडीच्या तोंडाला तालुक्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, पैसे नकोत, सत्काराच्या शाली द्या. पुढारी गांगरले. पण आतनं त्यांच्या बायका गाठोडी घेऊन बाहेर आल्या. एक तर म्हणाली, न्या बाई, कपाट उघडलं की अंगावर येतात. विहारातल्या बायकांनी त्या शाली जोडून पोरांना गोधड्या शिवल्या. जरीकाठाच्या गोधड्या. आणि ज्या घरातनं शाली आल्या त्या घरातली बाई वर्षभर वसतिगृहाला काही ना काही देत राहिली, नवऱ्याला न विचारता. मॅडमचं म्हणणं होतं की माणसाकडं जे उतू चाललंय ते आधी मागावं. मग दारही उघडतं आणि हातही.

हे असं बरं चाललं होतं. मग पुढच्या साली बप्पा आले.

आडनाव लिहीत नाही. भितो म्हणून नाही, मॅडमची शिस्त म्हणून. बप्पा मुकादम. मजुरांना हंगामाआधी पैशाची उचल द्यायची, टोळ्या बांधायच्या आणि कारखान्याला पाठवायच्या, हा धंदा. आमच्याकडच्या निम्म्या चुली त्यांच्या उचलीवर पेटतात. वसतिगृहातली बरीच पोरं त्यांच्याच टोळ्यांची. ते शेडमध्ये आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, हंगामाचा सगळा खर्च माझा. गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांचंही बरोबर होतं. कोठीतली ज्वारी तळाला गेली होती, किराणावाल्यानं हात आखडला होता. मग बप्पांनी पुढचं सांगितलं. वसतिगृहाला त्यांचं नाव द्यायचं. मेळाव्यात पोरांनी नवीन ताटं घेऊन रांगेत उभं राहायचं, ते स्वतः जिलेबी वाढणार, फोटो निघणार, आणि त्या फोटोचं फ्लेक्स चौकात लागणार.

मॅडमची मान कलली. "पोरं कुणाची हायत, बप्पा?"

"आपलीच की. माझ्याच माणसांची."

"त्यांच्या आईबापानं तुमची उचल घेतली. पोरांनी घेतलेली न्हाई. पोरं रांगेत उभी राहणार न्हाईत."

गुरुजींनी मॅडमचा पदर ओढायचा तेवढा बाकी ठेवला. बप्पा हसले. जाता जाता म्हणाले, बघू तुमचा डब्बा किती बोलतोय ते. आणि दोनच दिवसांत ऊसतोडीच्या फडाफडावर निरोप पोचला की बप्पाच्या टोळीतल्या कुणी ह्या बाईच्या मेळाव्याला रुपया जरी दिला, तरी पुढच्या साली त्याला उचल मिळणार नाही.

आता गोष्ट सरळ होती. मेळावा पडला तर वसतिगृह बंद. गुरुजींनी तर पोरांना आईबापाकडं पोचवायला ट्रकवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. मला हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा मॅडमच्या खोलीवर न बोलावता गेलो. म्हणलं, एक दिवस माझा आवाज वापरा, मी दगडातनं पैसा काढतो. त्यांनी मला बिनसाखरेचा काळा चहा दिला. कडू जहर. म्हणाल्या, "तुमी पुकारलंत तर बप्पाला यादीच मिळंल, तात्या."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मेळावा त्यांनी भरदुपारी ठेवला. मंडळ म्हणत होतं संध्याकाळी घ्या, लायटिंग दिसतं. मॅडमचं गणित वेगळं. दुपारी फडात माणसं मोळ्या टाकून भाकरी खायला सावलीला बसतात. तेव्हाच त्यांच्या हातात मोबाईल असतो. माझ्या माईकच्या दांड्याला एक मोबाईल बांधला आणि त्याच्यातून मेळावा थेट फडात दिसायला लागला, सांगलीकडं, कर्नाटकात, जिथं जिथं आमची माणसं कोयता चालवत होती तिथं. पैसे पाठवायचा नंबर मॅडमनी त्यांना आधीच पोचवला होता.

बप्पा पहिल्या रांगेत येऊन बसले. आजूबाजूला त्यांची माणसं. गावातल्या लोकांनी बप्पाकडं बघितलं आणि मोबाईल खिशात घातले. डब्बा गप. मी माईक धरून उभा. मंडपातली शांतता मी जन्मभर विकली, पण त्या दिवशीची मला सोसेना.

मॅडमनी भाषण केलं नाही. पोरांना एकेक करून पुढं सोडलं आणि म्हणाल्या, बोला. एक पोरगं मोबाईलकडं बघून म्हणालं, "आई, माझा दात पडला." दुसरी म्हणाली, "आई, मला पाढा येतो बाराचा," आणि म्हणून दाखवला, सातावर अडखळली, परत पहिल्यापासून म्हणाली. एक पोरगं नुसतंच म्हणालं, "आई, खोकला गेला." कुणाची आई ते सांगायची गरज नव्हती.

आणि डब्बा बोलला, "एकवीस रुपये प्राप्त झाले."

बप्पांनी मागं वळून बघितलं. मंडपात एकाच्याही हातात मोबाईल नव्हता.

"अकरा रुपये प्राप्त झाले." "एकावन्न रुपये प्राप्त झाले." "एकवीस रुपये प्राप्त झाले."

"कोण हाय बे त्यो?" बप्पा आपल्या माणसावर खेकसले. माणूस काय सांगणार? आकडे दोन जिल्हे पलीकडनं येत होते, उसाच्या पाचटातनं. तो उठून मॅडमकडं गेला आणि त्यांच्या हातातला मोबाईल मागायला लागला, कारण पाठवणाऱ्याची नावं त्याच्यात दिसतात. मॅडमनी मोबाईल मुठीत धरला. "हिशोब विचारा, पै न पै सांगते. नाव विचारू नका. जल्मभर लोकांच्या लाईनी जोडल्या मी, कोण कुणाशी काय बोललं ते घरात बी सांगितलं न्हाई."

त्यानं हात पुढं केला. विहारातल्या बायका आपापल्या जागेवरून उठल्या आणि मॅडमच्या भोवती येऊन उभ्या राहिल्या. त्यानं हात मागं घेतला.

मग बप्पा माझ्याकडं वळले. "तात्या, तालुक्यातला माणूस न् माणूस तुला ठावं हाय. तू सांग, कोण हायत हे?"

माईक माझ्या हातात होता आणि चालू होता. मी जे बोललो ते चारी भोंग्यांतनं शिरूरभर गेलं, आणि मोबाईलमधून फडातही गेलं.

"बप्पा, ह्या डब्ब्यात समद्यांचा आवाज एकच हाय."

मंडप हसला नाही. पण खिशातनं मोबाईल निघायला लागले. आधी मागं, बायकांच्यात. मग मधे. पहिल्या रांगेपर्यंत आलं नाही, खोटं कशाला सांगू. गाड्याच्या गाड्या भरून पैसा पडला असंही नाही. होळीपर्यंतची ज्वारी झाली, किराणावाल्याचं तोंड बंद झालं. पुढचं त्या पुण्याच्या साहेबानं आणि त्याच्यासारख्यांनी ओढून नेलं. ट्रक आला नाही. पोरं शेडमध्येच राहिली.

बप्पा मध्येच उठून गेले. त्यांचा माणूस जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, आता ह्या तालुक्यात तुझा भोंगा कुणाच्या दारात बांधतोस ते बघू.

संध्याकाळी वायर गुंडाळून मी स्टँडवर गेलो. मॅडम बीडच्या गाडीत बसल्या होत्या, दवाखान्यात दाखवायला चालल्या होत्या. कुशीत किती दिवसांपासून दुखत होतं ते कुणाला बोलल्या नव्हत्या. बीडवरून पोरगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिथनंच त्यांनी तो हंगाम फोनवर चालवला आणि तिथंच त्या गेल्या. पण मला तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. मी खिडकीखाली उभा राहिलो. त्यांच्या कानाला फोन होता, मान कललेली. पैसे पाठवलेल्या एकेकाला त्या स्वतः फोन लावत होत्या. "पोचलं बाळा. तुझं पोचलं," एवढंच म्हणायच्या आणि पुढचा नंबर लावायच्या. गाडी सुरू झाली. त्यांनी माझ्याकडं बघून छत्री वर केली. बोलणं थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बप्पांचा वाढदिवस होता. त्यांच्या बंगल्यावर माझे दुसरे चार भोंगे आधीच बांधून झाले होते, विसारही घेतलेला. मी सकाळी उजाडताच तिथं गेलो, विसाराचे पैसे त्यांच्या ओट्यावर ठेवले, शिडी लावली, आणि एकोणसत्तराव्या वर्षी स्वतः वर चढून चारीच्या चारी भोंगे सोडून घरी आणले.